बावट्यापासून बांधापर्यंत : वेधशाळेची वाटचाल

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. बंदरावर बावटा चढल्याचे आम्ही बातम्यांतच ऐकतो. तरीही ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनारा ओलांडलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी सकाळी पश्चिम विदर्भात होते. कोकणातल्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या करणारा त्याचा जोर तोवर ओसरला होता. त्याच्या मार्गाची रेघ मात्र कोणीतरी कोकणापासून आमच्या शिवारापर्यंत ओढतच होते. ते काम करणाऱ्या भारतीय हवामान विभागाला १५ जानेवारी २०२५ रोजी १५० वर्षे पूर्ण झाली.

खात्यापेक्षा कुलाब्याची वेधशाळा जुनी. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये उभारली तेव्हा कुलाबा हे बेटच होते. मुंबईला जोडणारा रस्ता १८३८ मध्ये पुरा झाला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ तिचा कारभार पाहिला आणि केरूनाना छत्रे ऐन तारुण्यात तिथे नोंदी घेत होते. मराठी माणसाची हवामानशास्त्राशी ओळख अशी फार आधीची आहे, आणि ती पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते.

मोजमाप करणे आणि इशारा देणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन यांनी जहाजांच्या रोजनिश्या चाळून वादळांच्या वाटा शोधल्या. मातला नदीवर नवे बंदर बांधू नका, एक दिवस समुद्र ते गिळेल, असे त्यांनी १८५३ मध्ये सरकारला कळवले. बंदर बांधले गेलेच, आणि १८६७ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. त्याच्या तीन वर्षे आधी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, हुगळीच्या मुखाशी असलेल्या सागर बेटावर वाऱ्याने ढकललेले पाणी चढले आणि बेटावरची बहुसंख्य माणसे गेली. मग १८६५ मध्ये कोलकाता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची सोय झाली. १८६६ आणि १८७१ मध्ये पावसाने दगा दिला, दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली देशभराचे एक खाते उभे राहिले. म्हणजे खात्याच्या जन्माला बेटावरचे पाणी आणि शेतातला कोरडेपणा, दोन्ही कारण झाले. सरकारला आपण दुसऱ्याच कारणाची आठवण करून देत असतो, पण पहिले विसरून चालत नाही.

खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यात आले. आधी ते सिमल्यात होते म्हणून पुणेकर शिवाजीनगरच्या त्या इमारतीला ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले, आणि मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेल्यावरही ते नाव टिकले. १९३२ मध्ये तिथेच कृषी हवामानाचा विभाग सुरू झाला. विशाखापट्टणमला १९७० मध्ये चक्रीवादळ टिपणारे पहिले रडार बसले, १९८० च्या दशकात इन्सॅटची चित्रे येऊ लागली. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ त्याच राज्यावर आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. फरक अंदाजातही पडला, पण अधिक पडला तो अंदाज ऐकून घर सोडणाऱ्यांत आणि सोडायला लावणाऱ्यांत.

चार वर्षांनी ‘ओखी’ने ही घडी विस्कटली. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीजवळ त्याचे पाहता पाहता चक्रीवादळ झाले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या होड्या कित्येक दिवसांच्या मासेमारीसाठी खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यावर बावटा चढला तरी त्यांना तो दिसणार कसा? शेकडो माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. केरळच्या कितीतरी होड्या वाहत वाहत देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. वादळ पुढे लक्षद्वीपच्या मिनिकॉय-कल्पेनीवर गेले. ही प्रवाळाची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. पळून चढायला डोंगर नाही, जायला दुसरे गाव नाही. वारा घरावर येतो, लाट खडकावरून आत येते, आणि खारे पाणी विहिरीत शिरले की वादळ गेल्यावरही प्यायच्या पाण्याचे हाल. तिथे पक्के छप्पर असलेली शाळा हाच डोंगर. ‘ओखी’नंतर किनाऱ्यापासून दूरच्या होड्यांना उपग्रहावरून संदेश देणारे ‘जेमिनी’ हे साधन २०१९ मध्ये आले. धडा महागात शिकला, पण शिकला.

आमचा धडा २०२१ चा. ‘गुलाब’ २६ सप्टेंबरला कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढले आणि त्याचा उरलेला भाग तेलंगण, विदर्भ-मराठवाड्यावरून पुढे अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ झाला. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर आदळले. ही रेघ वेधशाळेने नीट ओढली होती. पण सोयाबीन काढणीला आलेले, काहींची सुडी लागलेली. किती मिलिमीटर पाऊस पडेल हे कळून काय करायचे? कापायचे की थांबायचे, सुडी कशाने झाकायची, हे आमच्या भाषेत सांगणारे हवे.

असे सांगण्यासाठीच कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा पातळीवरचे कृषी हवामान कक्ष उघडले होते. २०२४ च्या सुरुवातीला देशभरातले असे १९९ कक्ष बंद करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या रडारांसह ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. रडार हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. रिसोडच्या शेतकऱ्याचा फोन उचलून ‘दोन दिवस थांबा’ म्हणणारा माणूस त्या रकमेत कुठे बसवला आहे, तेवढे खात्याने सांगावे.