हच आणि आमचा प्रवासभत्ता

सॉफ्टबॉल म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न, "म्हणजे बेसबॉलच ना?" साधारण तसंच. चेंडू मोठा, मैदान लहान, चेंडू टाकायचा तो हात खालून फिरवून, आणि नऊऐवजी सात डाव. एवढं पुरे. मला सांगायचंय ते कॅरोल हचिन्सबद्दल. खेळाडू तिला 'हच' म्हणतात.

२०२२च्या ऑगस्टमध्ये ती मिशिगन विद्यापीठातून निवृत्त झाली. १९८५पासून मुख्य प्रशिक्षक, एकूण विजय १७०७. एनसीएएच्या सॉफ्टबॉलमध्ये तेव्हा एवढे कुणाच्याच नावावर नव्हते. पण मी या बाईच्या प्रेमात पडले ती आकड्यांमुळे नाही.

ती शिकली शेजारच्या मिशिगन स्टेटमध्ये. तिथे सॉफ्टबॉलही खेळली (१९७६च्या विजेत्या संघात होती) आणि बास्केटबॉलही. पुरुषांच्या बास्केटबॉल संघात तेव्हा मॅजिक जॉन्सन होता, १९७९ साली त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी मुलींच्या संघाने विद्यापीठाला कोर्टात खेचलं. मुद्दे काय, तर प्रवास, राहण्याची सोय, जेवणाचा भत्ता! शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करायचा नाही असं सांगणारा टायटल नाइन हा कायदा १९७२मध्येच झाला होता, पण कागदावरचा कायदा बसच्या तिकिटापर्यंत पोचायला वेळ लागतो. खटल्याच्या नावात पहिलं नाव हचिन्सचं आहे. शिकत असतानाच आपल्याच विद्यापीठावर दावा!

इथे मला आमचा खो-खोचा संघ आठवतो. कॉलेजचे क्रिकेटवाले स्पर्धेला भाड्याच्या गाडीने जायचे, आम्ही घरचे डबे घेऊन एसटीने. भत्त्याच्या व्हाउचरवर मी कॅप्टन म्हणून सही करायचे. रक्कम एक, हातात पडायची दुसरी. मुली म्हणायच्या, ताई, जाऊ दे ना. मीही जाऊ दिलं. कोर्टबिर्ट सोडाच, प्राचार्यांच्या केबिनच्या दारापर्यंतसुद्धा गेले नाही.

असो. हच पुढे प्रशिक्षक झाली ती थंडीच्या मुलखात. फेब्रुवारीत हंगाम सुरू होतो तेव्हा मिशिगनमध्ये बर्फ असतो, म्हणून सुरुवातीचे कित्येक आठवडे संघ दक्षिणेकडे नाहीतर पश्चिमेकडे फिरतीवर. एनसीएएचं विजेतेपद १९८२पासून सुरू झालं आणि २००४पर्यंत प्रत्येक वेळी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेलाच राहिलं. २००५मध्ये ओक्लाहोमा सिटीत अंतिम फेरी, समोर यूसीएलए. पहिला सामना हरले, दुसरा जिंकले. तिसरा सात डावांत संपेचना. दहाव्या डावात पहिल्याच वर्षाच्या समांथा फिंडलेने तीन धावांचा होमरन मारला, ४-१!

मुलीबरोबर मी ते जुनं चित्रण पाहत होते. ती म्हणाली, "आई, तू का रडतेयस? तुला तर यातलं काही कळत नाही." खरंय. मी दुसऱ्याच सामन्यासाठी रडत होते, पण एसटी, डबे, व्हाउचर हे सगळं तिला कुठून सांगायला सुरुवात करणार?

हचच्या जागी आता बॉनी थॉल आहे, तिच्याच हाताखाली खेळलेली. आणि मी त्या वेळच्या दोघीतिघींचे फोन नंबर शोधतेय. एक सापडलाय, नाशिकचा.