मॅग्नेशियमची वाट: कातडी की सुई?

गरोदरपणात पोटरीत गोळे येतात, रात्रीची झोप मोडते. अशा वेळी हल्ली 'मॅग्नेशियम तेल' नावाची बाटली सुचवली जाते. हे तेल नव्हे. ते मॅग्नेशियम क्लोराइडचे दाट द्रावण असून बोटांना तेलकट लागते, एवढेच. गरोदरपण आणि मॅग्नेशियम यांचे नाते मात्र खरे आहे. फरक इतकाच की, त्या नात्याचा इतिहास चोळण्याचा नसून टोचण्याचा आहे.

कातडीशी या क्षाराचा संबंध इंग्लंडमधील एप्सम गावापासून जोडला जातो. १६१८ च्या सुमारास तेथील एका डबक्याचे कडू पाणी गुरांनी तोंडी लावले नाही, पण त्या पाण्याने जखमा भरल्या, अशी आख्यायिका आहे. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू यांनी त्या पाण्यातील क्षारावर प्रबंध लिहिला, आणि एप्सम सॉल्ट, म्हणजेच मॅग्नेशियम सल्फेट, युरोपभर रेचक म्हणून खपू लागले.

त्याचे खरे सामर्थ्य विसाव्या शतकाच्या आरंभी दिसले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सॅम्युएल मेल्ट्झर आणि जॉन ऑअर यांनी प्राण्यांना मॅग्नेशियम टोचले, तेव्हा स्नायू सैल पडले, शुद्ध हरपली आणि मात्रा वाढताच श्वास मंदावला. कॅल्शियम टोचताच तेच प्राणी सावरले. आज प्रसूतिकक्षात मॅग्नेशियमच्या शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी तयार ठेवतात, तिचे मूळ या प्रयोगांत आहे.

१९०६ मध्ये जर्मनीत एक्लॅम्प्सियाच्या, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून येणाऱ्या आकडीच्या रुग्णांवर हा क्षार वापरला गेला. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या लझार्ड यांनी तो शिरेतून, तर पुढच्या वर्षी डॉर्सेट यांनी स्नायूतून दिला. पण पद्धत घट्ट बसवली ती डॅलसच्या पार्कलंड रुग्णालयातील जॅक प्रिचर्ड यांनी: आरंभी शिरेतून ४ ग्रॅम व दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम, नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम. १९८४ मध्ये त्यांनी २४५ रुग्णांचा लेखाजोखा मांडला; त्यांत एकच माता दगावली होती.

ग्रॅमचे हे आकडे नीट पाहावेत. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात दर लिटरला मॅग्नेशियम साधारण दीड ते दोन मिलिइक्विव्हॅलंट असते. आकडी रोखण्यासाठी ते चार ते सातपर्यंत न्यावे लागते. दहाच्या आसपास गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, आणि त्याच्याही वर गेले की श्वसनाचे स्नायू थांबू शकतात. औषध आणि विष यांच्यातील अंतर इतके थोडे असल्याने परिचारिका दर वेळी गुडघा, श्वास आणि लघवीचे प्रमाण तपासूनच पुढची मात्रा देते. बाटलीतून किती फवारे मारले, यावर असा हिशेब बसत नाही.

बसणार तरी कसा? द्रावणातील मॅग्नेशियमचा आयन आपल्याभोवती पाण्याचे सहा रेणू घट्ट धरून ठेवतो, आणि त्वचेचा सर्वांत वरचा थर स्निग्ध असतो; विद्युतभारित, पाण्याने वेढलेल्या कणाला तो सहजासहजी वाट देत नाही. केसांच्या मुळांतून थोडे मॅग्नेशियम आत शिरते, असे प्रयोगशाळेतील काही निरीक्षणे सुचवतात. तरीही त्वचेवाटे मॅग्नेशियम देण्यावरील २०१७ मधील एका आढाव्याने या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचाच निष्कर्ष काढला. पायाच्या गोळ्यांचे म्हणाल, तर तोंडावाटे दिलेल्या मॅग्नेशियमबद्दलच्या चाचण्याही एकमेकींशी सहमत नाहीत. चोळल्याने बरे वाटते ते बहुधा चोळण्यामुळे.

भारतात मॅग्नेशियम सर्वमान्य व्हायला वेळ लागला. मद्रासच्या कृष्ण मेनन यांनी १९६१ मध्ये मांडलेले तीन औषधांचे 'लायटिक कॉकटेल' येथे अनेक दशके रूढ होते. अन्यत्र डायझेपाम आणि फेनिटॉइन यांचे समर्थक होते. हा वाद १९९५ मध्ये मिटला. भारतासह अनेक देशांत १,६८७ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत डायझेपाम घेणाऱ्यांपैकी २७.९ टक्क्यांना पुन्हा आकडी आली, तर मॅग्नेशियम घेणाऱ्यांपैकी १३.२ टक्क्यांना. फेनिटॉइनशी केलेल्या तुलनेत हे आकडे १७.१ आणि ५.७ होते. २००२ मध्ये 'मॅगपाय' चाचणीने ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांत दाखवले की, आकडी येण्याआधीच मॅग्नेशियम दिल्यास तिचा धोका निम्म्याहून कमी होतो.

यानंतरचा प्रश्न दक्षिण आशियाचा होता. डॅलसमधील मात्रा येथील कमी वजनाच्या स्त्रियांना जशीच्या तशी द्यावी का? ढाका वैद्यकीय महाविद्यालयातून २००१ मध्ये कमी मात्रेची पद्धत प्रसिद्ध झाली. २००३ मध्ये सोलापूरच्या डॉ. सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांसाठी बेतलेली आपली पद्धत मांडली. औषध स्वस्त होते, अडचण देखरेखीची होती. जेथे रात्रपाळीला एकच परिचारिका, तेथे कमी मात्रेचे मोल वेगळेच. सोलापूरच्या या कामाची दखल मराठी वाचकांनी जितकी घ्यायला हवी तितकी घेतलेली नाही.

उलट, जास्तीचे मॅग्नेशियमही निरुपद्रवी नसते. मुदतपूर्व कळा थांबवण्यासाठी ते पाच ते सात दिवसांहून अधिक काळ टोचल्यास गर्भाच्या हाडांवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. बाटलीतल्या द्रावणाने असे होण्याची शक्यता कमीच. त्याने फार तर कातडी चुरचुरेल. त्याचा धोका दुसरीकडे आहे. विसाव्या आठवड्यानंतर डोके ठणकणे, डोळ्यांपुढे चमकणे, बरगड्यांखाली दुखणे, तोंडाला सूज येणे, ही रक्तदाब १४०/९० च्या वर गेल्याची लक्षणे असू शकतात. 'मॅग्नेशियम लावते आहे' या समाधानात ती मोजणी राहून जाते. आणि रक्तदाब तर टोचलेले मॅग्नेशियमही मुद्दाम उतरवत नाही. त्यासाठी वेगळे औषध लागते.

मोठे रुग्णालय दूर असते तेथे पहिली मात्रा वाटेतच द्यावी लागते. अक्कलकोटकडील खेड्यातून सोलापूरला जाणारी असो वा हुगळीकाठच्या बजबजहून कोलकात्याला नेली जाणारी, आकडी आलेल्या स्त्रीला पुढे पाठवण्यापूर्वी उपकेंद्रातील प्रशिक्षित परिचारिकेने दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट टोचावे, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना आहे. सुई लांब असते, टोचलेली जागा बराच वेळ ठणकते, आणि पुढच्या रुग्णालयाला कळावे म्हणून चिठ्ठीवर मात्रा व वेळ लिहून द्यायची असते.