एकाची तक्रार, पन्नास जणांची केस : ग्राहक वकिलाचं काम नेमकं चालतं कसं?

नवी मुंबई : पेण, कर्जत, माणगाव, म्हसळ्याकडून नोकरी-धंद्यासाठी शहराकडे आलेल्या माणसाचं स्वप्न बहुतेक वेळा ठरलेलं असतं. पनवेल, उलवे नाहीतर करंजाड्याला वन-बीएचके. गावचा जमिनीचा तुकडा विकून, वर कर्ज काढून बुकिंगची रक्कम भरली जाते. मग ताब्याची तारीख उलटते, बिल्डरचं ऑफिस 'पुढच्या दिवाळीला नक्की' म्हणतं आणि इकडे घरभाडं नि बँकेचा हप्ता दोन्ही चालूच राहतात. असा माणूस कागदांची पिशवी घेऊन वकिलाकडे जातो, तेव्हा ग्राहक कायद्यातला मुरलेला वकील फ्लॅटबद्दल विचारण्याआधी विचारतो, "तुमच्यासारखे अजून किती जण आहेत?"

या प्रश्नावरच एक वेगळी वकिली उभी आहे. इंग्रजीत तिला 'क्लास ॲक्शन' म्हणतात, आपल्याकडे सामूहिक तक्रार म्हटलेलं बरं. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. त्याच्या कलम १२(१)(क) मध्ये ही सोय होती. आता २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्यात ती कलम ३५(१)(क) मध्ये आहे. सारखंच हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा काही जण आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १ नियम ८ याला लागू होतो. म्हणजे बाकीच्या सगळ्यांना नोटीस द्यायची, गरज पडली तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची आणि जो निकाल लागेल तो सगळ्यांवर बांधील.

याच नियमात सामान्य माणसाच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. पुढाकार घेणाऱ्या दोघा-तिघांना बिल्डरने गुपचूप पैसे देऊन केस मागे घ्यायला लावली, असं सामूहिक तक्रारीत सहज करता येत नाही. तडजोड करायची किंवा केस सोडायची तर गटातल्या सगळ्यांना कळवावं लागतं. नुसत्या एकत्रित तक्रारीत, म्हणजे वीस जणांनी आपापल्या सह्या करून दिलेल्या तक्रारीत, हे संरक्षण मिळत नाही.

हा फरक वकिलालाही महागात पडू शकतो. १७ डिसेंबर २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे बंगळूरच्या १,१३४ फ्लॅटच्या प्रकल्पाचं प्रकरण होतं. ५१ फ्लॅटच्या ९१ खरेदीदारांनी सगळ्यांच्या वतीने तक्रार केली होती. बाकीच्यांचं हित कसं सारखं आहे, हे अर्जात नीट मांडलेलंच नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तक्रार फेटाळली गेली नाही, पण ती फक्त त्या ९१ जणांची एकत्रित तक्रार म्हणून चालवायला सांगितली. मसुद्यातल्या चार परिच्छेदांच्या कमतरतेने हजारभर घरं केसच्या बाहेर राहिली. या क्षेत्रात भाषणापेक्षा मसुदा मोठा, तो यासाठी.

तक्रार कुठे करायची?

नवी मुंबईत हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पनवेल, उरण रायगडात. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला. नव्या कायद्याने मात्र मोठी सोय केली : तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. फ्लॅट वाशीचा असला तरी महाडला राहणाऱ्याने अलिबागला केस टाकली तर चालते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५० लाखांपर्यंत जास्तीत जास्त १,००० रुपये. मुदत दोन वर्षांची. इथेच बरेच जण फसतात, कारण बिल्डरच्या 'बघू, करू' मध्ये दोन वर्षं कधी सरतात ते कळत नाही.

मुदतीबाबत एक निकाल प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत असायला हवा. मुंबईतल्या समृद्धी सोसायटीला बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळवून दिलंच नाही. त्यामुळे रहिवाशांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली. ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चूक दुरुस्त केली. ओसी मिळेपर्यंत बिल्डरची चूक रोज चालूच असते, असं त्या निकालाचं सार. ओसीविना राहणाऱ्या इमारती आपल्याकडे काही कमी नाहीत.

सिडकोचं काय? १९९३ च्या लखनौ विकास प्राधिकरण खटल्यापासून सरकारी गृहनिर्माण संस्थाही ग्राहक कायद्याखाली येतात. लॉटरीत घर लागलेला माणूस ग्राहक ठरतो. लिलावात 'जसा आहे तसा' भूखंड घेणारा मात्र साधारणपणे ग्राहक ठरत नाही, हे २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात स्पष्ट झालं. महारेराचा रस्ताही खुला असतो. १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं आणि दोन्हींपैकी कुठे जायचं हे ग्राहकाने ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. फक्त विलंबाचं व्याज हवं असेल तर बरेच वकील महारेरा सुचवतात, मनस्तापाची भरपाई आणि सेवेतल्या त्रुटीही मांडायच्या असतील तर आयोग.

या वकिलीत पैसा आहे का?

लॉ कॉलेजच्या पोरांचा पहिला प्रश्न हाच. अमेरिकेत अशा खटल्यांत वकील भरपाईतला हिस्सा घेतात आणि गडगंज होतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, वसुलीत वाटा घेता येत नाही, जाहिरातही करता येत नाही. त्यामुळे इथे पन्नास कुटुंबं वर्गणी काढतात आणि वकील त्यात भागवतो. खरं सांगायचं तर सुरुवातीची पाच-सात वर्षं विमा, बँक आणि वीजबिलाच्या तक्रारींवरच चूल चालते, सामूहिक केस कधीतरी हाती लागते.

वाट नेहमीचीच. सीईटी, तीन किंवा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद, मग अखिल भारतीय परीक्षा. पनवेलचं भागूबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय किंवा अलिबागचं ॲड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. सनद नसलेलाही प्रतिनिधी म्हणून उभा राहू शकतो. दक्षिण मुंबईच्या मंचातून सुरू झालेल्या या वादात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिगरवकील प्रतिनिधींच्या बाजूने कौल दिला. आयोगावर सदस्य म्हणून जायचं असेल तर मार्च २०२३ च्या लिमये निकालाने अनुभवाची अट दहा वर्षांवर आणली आणि लेखी परीक्षा बंधनकारक केली. तो लढा नागपूरचे ॲड. डॉ. महेंद्र लिमये यांचा.

महाराष्ट्रात या कामाची खरी शाळा मात्र कॉलेजात नाही, चळवळीत भरली. १९७५ साली उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत हे त्यातलं ठळक नाव. तिचे अध्यक्ष ॲड. शिरीष देशपांडे यांच्याकडे बघितलं की कोर्टाबाहेरची वकिली काय असते ते कळतं. २०१८ मध्ये महारेराने बिल्डरांच्या संघटना आणि ग्राहक संघटना यांना एकत्र बसवून सलोखा मंच सुरू केला, त्यात पंचायतीचा वाटा मोठा होता. उरण-पनवेलला एकत्र येऊन लढणं नवं नाही, व्यवसायाने वकील असलेल्या दि. बा. पाटलांनी १९८४ चं जासईचं आंदोलन उभं केलं ते जमीन देणाऱ्यांसाठी. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरच्या इमारतीत घर घेणाऱ्याची लढाई वेगळ्या कायद्याने होते, इतकंच.

सगळ्याच मोठ्या केस जिंकल्या जातात असंही नाही. मॅगी प्रकरणात केंद्र सरकारने स्वतः २०१५ मध्ये ६४० कोटींची तक्रार राष्ट्रीय आयोगात केली होती, ती एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली. नऊ वर्षं! गंमत म्हणजे वकिलाच्याच सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक कायद्याखाली त्याच्यावर तक्रार होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवलं.

आणि निकाल लागला म्हणून वकील मोकळा होत नाही. जिल्हा आयोगाच्या आदेशावर बिल्डरला अपील करायचं तर ४५ दिवसांत आणि आदेशातली निम्मी रक्कम आधी भरून. त्यानेही पैसे दिले नाहीत तर कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली, कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड. हे अर्ज पुन्हा त्याच आयोगात, पुन्हा तारखा घेऊन चालवावे लागतात. वसुलीची फी आधीच ठरवून घेतलेली नसेल, तर पन्नास जणांच्या वर्गणीची वही इथे पुन्हा उघडते आणि तोवर त्यातले निम्मे फोन उचलेनासे झालेले असतात.