पाण्याचं जास्तीचं प्रेशर जातं कुठं? रेवदंडा ते भिरा

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात एका भिजलेल्या गादीपासून.

२०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आमच्या ग्रुपमध्येही व्हॅनचं खूळ शिरलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं एक कॅम्पर व्हॅन घेऊन रेवदंड्याकडे गेलो. आत सिंक, छोटा शॉवर, सगळी चैन. मुक्काम नारळ-पोफळीच्या एका वाडीत. वाडीतला नळ दिसला, पाइप लावला, थेट व्हॅनच्या लाइनला जोडला आणि नळ पूर्ण सोडला. दोन मिनिटांत सिंकखालचा जॉइंट सुटला आणि खालची गादी चिंब.

सर्व्हरवर एका वेळी किती रिक्वेस्ट येऊ द्यायच्या, याची लिमिट लावणं हे माझं रोजचं काम. पण नळाला लिमिट लावायचं डोक्यात आलं नाही!

वाडीचे काका धावत आले, आधी मोटर बंद केली. म्हणाले, "अरे बाळा, ही डायरेक्ट मोटरची लाइन. झाडांना पाणी सोडायची. तुमच्या गाडीला टाकीचं घ्या." पाइप गच्चीवरच्या टाकीच्या नळाला लावला. विषय संपला.

काकांनी काय केलं? साधं गणित आहे. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळपास १ बार प्रेशर. टाकी ५ मीटरवर असेल तर अर्धा बार. व्हॅनमधलं प्लंबिंग साधारण ३-४ बारच्या हिशोबानं केलेलं असतं. मोटरनं कितीही जोर लावला तरी पाणी उघड्या टाकीत पडलं की तो जोर तिथंच संपतो. पुढचं प्रेशर फक्त टाकीच्या उंचीचं. डोंगरावरून उतरणाऱ्या नळ योजनांतही याच कारणासाठी मध्येच एक उघडी टाकी बांधतात. तिचं नाव ब्रेक प्रेशर टँक, बोलीत 'बीपीटी'.

पण टाकीत प्रेशर नुसतं वाया जातं. ते कामाला लावता येईल का? याचं उत्तर आपल्या याच जिल्ह्यात शंभर वर्षांहून जुनं आहे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं १९८१ मध्ये.

बोरघाटातून जाताना डोंगरावरून खोपोलीकडे उतरणारे जाडजूड पाइप पाहिलेत ना? ८ फेब्रुवारी १९११ ला लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. वीज जायची मुंबईला, गिरण्यांसाठी. घाटमाथ्यावरचं पाणी इथं सुमारे ५२५ मीटर खाली येतं. आपल्याच गणितानं ५० बारच्या वर! आमच्या व्हॅनचा जॉइंट ज्यात उडाला, त्याच्या कितीतरी पट.

म्हणून असे पाइप खाली येतील तसतसा त्यांचा पत्रा जाड करावा लागतो. तळाशी मात्र प्रेशर अडवायचं नसतं, बारीक तोंडातून सोडायचं असतं. तिथं प्रेशरचा वेग होतो. घर्षण सोडून दिलं तर ५२५ मीटरच्या उंचीला हा वेग भरतो सेकंदाला १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. ही धार पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, वीज तयार होते, आणि चाकातून पाणी बाहेर पडतं तेव्हा त्याचा जोर गेलेला असतो.

आता समजा, अचानक वीज नको झाली. धार झटकन बंद करायची का? मुळीच नाही! धावतं पाणी एकदम थांबवलं की पाइपात दणका बसतो, त्याला वॉटर हॅमर म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. पोलादी पाइपात सेकंदाला १ मीटर वेगानं जाणारं पाणी झटक्यात अडवलं तर १० बारच्या आसपास प्रेशर वाढतं. म्हणून पेल्टनच्या यंत्रात आधी एक पत्रा आडवा येऊन धार चाकापासून बाजूला वळवतो, आणि मग तोंड सावकाश बंद होतं.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. या भिऱ्याच्या पाण्याची गोष्ट मला जास्त लागली. मुळा नदी खरं तर पूर्वेला जाणारी. पुणे, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळणारी. मुळशीला धरण बांधून तिचं पाणी पश्चिमेला वळवलं, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला आणलं. तिथून ते कुंडलिकेत येतं. कोलाडला आपण सकाळी राफ्टिंग करतो ना, ते भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या याच पाण्यावर. पुढे रोहा, आणि शेवटी रेवदंड्याची खाडी. म्हणजे आमची गादी सुकत पडली होती, त्या वाडीपासून जवळच!

पण ५०० मीटरची ही उंची फुकट मिळालेली नाही. मुळशीच्या तलावासाठी मावळातल्या पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ ला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले आणि याच लढ्यातून 'सेनापती' झाले. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण मात्र थांबलं नाही. भाताची खाचरं पाण्याखाली गेली आणि दिवे मुंबईत लागले.

इंजिनिअर म्हणून मला भिऱ्याचं कौतुक आहेच. डिझाइनमध्ये पाण्याच्या जोराला वाट काढून दिली होती. ज्यांची जमीन गेली त्यांच्यासाठी तशी वाट कुणी काढली नाही. राफ्टिंगचा व्हिडिओ टाकताना हेही आठवू दे.

बाकी, व्हॅन घेऊन निघणार असाल तर प्रेशर रेग्युलेटर जवळ ठेवा आणि तो नळाच्या तोंडाशीच लावा, म्हणजे पाइपही वाचेल. नळ हळू सोडा, हळू बंद करा, झोपताना पूर्ण बंद. आणि जोडण्याआधी वाडीवाल्या काकांना एकदा विचारा, "काका, ही लाइन टाकीची ना?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!