झाशीची न बोललेली दुखणी

20 नोव्हेंबर 1853 रोजी झाशीच्या वाड्यात घाईघाईने दत्तविधान उरकलं, आणि दुसऱ्या दिवशी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. दुखणं पोटाचं होतं, रक्त पडणाऱ्या अतिसाराचं. दोन वर्षांपूर्वी झालेला मुलगा तीन-चार महिन्यांतच गेला होता. त्याच्याही मागे पाहिलं तर 1835 मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक वारले होते. त्यांच्या गादीवर आलेले चुलते रघुनाथराव महारोगी होते आणि तीनच वर्षांत तेही गेले. वीस वर्षांत तीन राजे गेले, आणि कंपनी सरकार ज्याला औरस वारस म्हणेल असा मुलगा एकाच्याही मागे राहिला नाही. झाशीचा इतिहास आपण बहुधा तलवारीपासून सुरू करतो. तो रोगांपासून सुरू केला तर वेगळंच काही दिसतं. उपचार नेमका कुणापर्यंत पोचला हे या गावात औषधापेक्षा दुखण्याचं नाव घेण्याच्या मुभेवर जास्त ठरलं. कुणाचं दुखणं चारचौघांत बोलता येतं, कुणाचं येत नाही, आणि बोलायचं तर कुणापाशी, हे प्रश्न झाशीत दरबारापासून आजच्या दवाखान्यापर्यंत चालत आले आहेत.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल: गव्हर्नर जनरल डलहौसीला झाशी हवीच होती, राजा ठणठणीत असता तरी त्याने दुसरं निमित्त काढलं असतं. हे बऱ्याच अंशी खरं आहे. सातारा 1848 मध्ये गेला होता आणि नागपूर झाशीच्याच सुमारास गेलं. पण निमित्त कशाचं काढायचं हे धोरणकर्त्याला सापडावं लागतं, आणि झाशीत ते राजांच्या शरीरात सापडलं. रामचंद्ररावांनी घेतलेला दत्तक 1835 मध्ये मानला गेला नव्हता, आणि 1854 मध्ये तोच दाखला पुढे करून गंगाधररावांनी दत्तक घेतलेल्या दामोदररावांचा हक्क नाकारण्यात आला. पुरुषाचं अपत्य, पुरुषाचा महारोग, पुरुषाचं मरण या सगळ्या गोष्टी अशा रीतीने सरकारी दप्तरात शिरल्या, त्यांच्यावर पत्रव्यवहार झाला, शास्त्र्यांची मतं घेतली गेली. त्यातली एक गोष्ट मात्र पुरुषाच्या खात्यावर कधीच टाकली गेली नाही, ती म्हणजे मूल न होणं. वारस नाही ही राज्याची अडचण ठरली आणि कूस उजवली नाही हा बाईचा दोष ठरला. गंगाधररावांशी लक्ष्मीबाईंचं लग्न 1842 मध्ये झालं आणि मूल नऊ वर्षांनी झालं. त्या नऊ वर्षांत व्रतवैकल्यांचा भार कुणावर पडत असेल हे मराठी घरातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या काळी औषधच नव्हतं, मग बोलून तरी काय उपयोग झाला असता? गंगाधररावांच्या आजाराला 1853 मध्ये गोऱ्या डॉक्टरकडे होतं काय? अफू, पाऱ्याचं कॅलोमेल, आणि कधी रक्त काढणं. राजवैद्याच्या कुटज आणि बेलफळापेक्षा हे फारसं सरस नव्हतं, पाऱ्याच्या बाबतीत तर घातकच होतं. आमांशाचा अमीबा 1875 मध्ये सेंट पीटर्सबर्गला लॉश यांनी पाहिला, दुसऱ्या प्रकारच्या आमांशाचा जंतू 1897 च्या साथीत जपानच्या शिगांना सापडला, आणि आमांशावरची एमेटिनची सुई लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात 1912 मध्ये टोचायला सुरुवात केली. तेव्हा इंग्रजी औषध घेतलं असतं तर राजा वाचला असता आणि सत्तावन्नचा उठाव टळला असता, असं जे कधी कधी ऐकू येतं त्याला आधार नाही. महारोगाची गोष्ट तर याहून गमतीची. सुश्रुताने सांगितलेलं तुवरकाचं तेल, म्हणजेच चालमोगरा, पाश्चात्त्य वैद्यकासमोर फ्रेडरिक मोआट यांनी मांडलं ते 1854 साली, ज्या वर्षी झाशी खालसा झाली त्याच वर्षी. रोगजंतू हान्सेन यांना सापडायला 1873 उजाडलं, खरा उतार देणारं डॅप्सोन 1940 च्या दशकात आलं, आणि तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये सुचवली. म्हणून आक्षेपाचा अर्धा भाग मान्य करावाच लागतो: 1853 मध्ये बोलण्याने रोग हटला नसता. उरलेला अर्धा भाग पुढच्या काळात खोटा ठरतो, कारण औषधं आली तरी ती सगळ्यांकडे सारखी गेली नाहीत.

बायकांच्या दुखण्यांना दरबारी भाषाच नव्हती. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये गंगाधररावांविषयी एक चमत्कारिक हकिकत आहे. ते कधी कधी स्त्रीवेष करत आणि महिन्याचे चार दिवस बाजूलाही बसत, अशी. भटजी झाशीला पोचले तेव्हा राजाला जाऊन काही वर्षं लोटली होती, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट खरी मानण्याची सक्ती नाही. पण ती सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला जे गृहीत होतं ते महत्त्वाचं. पाळी ही पाहिली, ओळखली जाणारी गोष्ट होती, पण विटाळ म्हणून. कावळा शिवला की बाई बाजूला बसते हे साऱ्या घराला कळत असे. किती रक्त गेलं, किती दिवस गेलं, पोटात कळ कुठून उठते हे मात्र सासू आणि सुईण यांच्यापलीकडे जात नसे. अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, धुपणी हे सगळे शब्द कुजबुजीचे. झाशीतल्या दक्षिणी घरांत, म्हणजे तिथे वसलेल्या मराठी कुटुंबांत, ही भाषा मराठी होती, शेजारच्या बुंदेली घरांत बुंदेली. संकोच दोन्हीकडे एकच.

हा संकोच फुटायला सुरुवात बुंदेलखंडातूनच झाली हे फारसं सांगितलं जात नाही. एलिझाबेथ बिल्बी ही लखनौची मिशनरी बाई बुंदेलखंडातल्याच पन्ना संस्थानच्या महाराणीवर उपचार करायला गेली. ती परत निघाली तेव्हा महाराणीने तिला गळ घातली, की आजारी पडल्यावर हिंदुस्थानातल्या बायका काय भोगतात ते विलायतेच्या राणीला सांग. तो निरोप लॉकेटमध्ये घालून 1881 मध्ये व्हिक्टोरियापर्यंत गेला, आणि 1885 मध्ये बायकांच्या उपचारांसाठी लेडी डफरिन फंड उभा राहिला. पुरुष डॉक्टरने पडद्याआडची नाडी तपासायची आणि बाकीचं अंदाजाने ठरवायचं, ही पद्धत मोडायला स्त्री डॉक्टरच लागणार होती. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन बाहेर पडल्या, त्यांच्या मनातला हेतूही हाच होता. झाशी शहर 1886 मध्ये शिंद्यांकडून पुन्हा इंग्रजांकडे आलं, रेल्वेचं मोठं ठाणं झालं, आणि न्यूयॉर्कच्या वुमन्स युनियन मिशनरी सोसायटीने तिथे बायकांसाठी मेरी अॅकरमन-हॉइट यांच्या नावाचं इस्पितळ चालवलं. या सगळ्यात धर्मप्रसाराचा हेतू होता हे उघड आहे. डफरिन फंडाचा ओढाही वरच्या घरांतल्या पडदानशीन बायकांकडे अधिक, हेही खरं. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही: दुखणं ऐकून घेणारी, त्याचं नाव घेणारी आणि त्याला हात लावणारी बाई त्या दारात प्रथम भेटली.

याच झाशीत पुढे उलट दिशेचा एक मोठा उद्योग उभा राहिला. कलकत्त्यात 1917 मध्ये सुरू झालेल्या बैद्यनाथ आयुर्वेद भवनाने 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला झाशीत कारखाना काढला, आणि झाशी हे नाव देशभरच्या बाटल्यांवर छापलं जाऊ लागलं. बाईसाठी अशोकारिष्ट, बाळंतिणीसाठी दशमूलारिष्ट, पुरुषासाठी शक्तिवर्धक गोळ्या. अशोकारिष्ट ‘भैषज्यरत्नावली’तलं जुनं औषध आहे, ते काही कारखानदारांनी शोधलं नाही. नवी होती ती बाटली. वैद्याला दुखणं सांगावं लागे, दुकानदाराकडे फक्त नाव उच्चारलं की पुरे, आणि नवऱ्याला पाठवलं तर तेही नको. लाजऱ्या समाजाला ही सोय फार मोलाची वाटली असणार, तिची थट्टा करण्यात अर्थ नाही. पण या सोयीतच घात होता. पाळी जाऊन चार वर्षं झाल्यावर रक्त दिसलेली बाई त्याच बाटलीवर दोन वर्षं काढते, आणि गर्भाशयाच्या कर्करोगाला ती दोन वर्षं मिळतात. पुरुषांचंही तेच. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर धातुरोगाच्या जाहिराती पिढ्यान्‌पिढ्या रंगवल्या गेल्या. वीर्य गेलं की बळ गेलं या भीतीला एन. एन. विग यांनी 1960 मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि तो मनोविकारशास्त्राचा विषय झाला. 1954 च्या औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरील कायद्याने लैंगिक शक्ती वाढवणाऱ्या आणि पाळीच्या तक्रारी घालवणाऱ्या औषधांची जाहिरात करायला बंदी घातली. कायद्याने भिंतीवरचा मजकूर मर्यादेत आणला असेल, पण लाज कायद्याच्या कक्षेत येत नाही.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आता उपचार आहेत. आहेतच. अतिरक्तस्रावाला ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडच्या गोळ्यांपासून संप्रेरक सोडणाऱ्या तांबीपर्यंत पर्याय आहेत, त्यामुळे पिशवी काढून टाकणं हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय व्हायला हवा. प्रोस्टेट वाढल्यावर रात्री चार वेळा उठणाऱ्या म्हाताऱ्याला टॅम्सुलोसिन आहे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. पुरुषाच्या लिंगाचा ताठरपणा कमी होणं ही कधी कधी हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होत असल्याची आगाऊ सूचना असते, आणि गुपचूप गोळी गिळणाऱ्याला ही सूचना कळतच नाही. झाशीत 1968 पासून राणीच्याच नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. उत्तर प्रदेशात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण 2005-06 मध्ये 20.6 टक्के होतं, ते 2019-21 मध्ये 83.4 टक्क्यांवर गेलं. मात्र दवाखान्याचं दार उघडलं की सगळं सुटत नाही. 15 नोव्हेंबर 2024 च्या रात्री त्याच महाविद्यालयाच्या नवजात विभागात आग लागली आणि त्या रात्रीच 10 बाळं दगावली. आणि घरात मुरलेलं दुखणं दारापर्यंत येतच नाही: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत 57 टक्के पंडुरोगी निघाल्या आणि पुरुषांत 25 टक्के. लोहाच्या गोळ्या पैशांत मिळतात आणि थकवा येणं हा बाईचा स्वभावच समजला जातो. विचारायला गेलं की काय होतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांहून जास्त बायकांच्या अभ्यासात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यासाठी आधी गावोगाव जाऊन बायकांशी त्या भागाविषयी बोलावं लागलं.

राहिला नेवाळकरांच्या वाड्यातला जुना प्रश्न. मूल न होण्यामागे जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो हे वैद्यकाला आज चांगलं ठाऊक आहे, आणि वीर्याची तपासणी ही वंध्यत्वाच्या साऱ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त, सर्वांत कमी त्रासाची. तरी बऱ्याच घरांत बाईच्या नळ्यांची, संप्रेरकांची, दुर्बिणीची तपासणी आधी होते. मूल नको असलं तरी चित्र पालटत नाही: 2019-21 च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या 37.9 टक्के विवाहित बायकांची नसबंदी झालेली होती आणि पुरुषांची 0.3 टक्के, जरी पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची आहे. डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने भिंगाखाली शुक्रजंतू पाहिले 1677 मध्ये, झाशीचा किल्ला बांधून तेव्हा जेमतेम साठ-पासष्ट वर्षं झाली होती. गंगाधररावांच्या लग्नापर्यंत त्या शोधाला दीडशेहून अधिक वर्षं उलटली होती. आज ती काचपट्टी तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेतही असते, आणि नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी तिथे पोचते ती बहुतेक वेळा बायकोच्या तिसऱ्या-चौथ्या अहवालानंतर.