केसपेपरवर 'जे ०२.९' दिसतंय? घसादुखीच्या या कोडचा अर्थ काय?

मागच्या पावसाळ्यात आरमोरीच्या माझ्या मामेभावाने एक स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या ऑनलाइन केसपेपरवर लिहिलं होतं, 'जे ०२.९ – ॲक्यूट फॅरिंजायटिस, अनस्पेसिफाइड'. खाली त्याचा मेसेज: "दादा, डॉक्टरला माझा आजारच कळला नाही का? मेडिकलमधून ॲन्टिबायोटिक घेऊन येऊ का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते समजून घेऊया.

हा कोड येतो कुठून?

कुणी 'घसा धरला' म्हणतं, कुणी 'थ्रोट इन्फेक्शन' लिहितं. कॉम्प्युटरला हे सगळं एकत्र मोजता यावं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची एक यादी ठेवली आहे. तिला आयसीडी म्हणतात. सुरुवात १८९३ ची, तेव्हा ती फक्त मृत्यूच्या कारणांची यादी होती. 'जे ०२.९' हा तिच्या दहाव्या आवृत्तीतला कोड आहे. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, पण बऱ्याच ठिकाणी अजून दहावीच दिसते.

कोड कसा वाचायचा?

- जे : श्वसनसंस्थेचे आजार
- ०२ : घशाला नुकतीच आलेली सूज
- .९ : कारण नक्की केलेलं नाही

शेवटचा आकडा बदलला की अर्थ बदलतो. '.०' म्हणजे स्ट्रेप्टोकोकस जंतू, '.८' म्हणजे ओळखलेला दुसरा एखादा जंतू. नुसतं दुखणं नोंदवायचं असेल तर 'आर ०७.०'. घटसर्पाचा कोड पूर्ण वेगळा आहे, 'ए ३६'.

मग 'अनस्पेसिफाइड' ही डॉक्टरची चूक का?

नाही. बहुतेक घसादुखी व्हायरसमुळे होते आणि साधारण आठवडाभरात आपोआप बरी होते. नेमका जंतू शोधायला घशातला स्वॅब घ्यावा लागतो, आणि प्रत्येकाला त्याची गरज नसते. त्यात भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. स्वॅबचा रिपोर्ट येईपर्यंत घसा बरा झालेला असतो. म्हणून डॉक्टर ताप, मानेतल्या गाठी, टॉन्सिलवरचे पांढरे डाग आणि खोकला बघून ठरवतात. तपासणी न करता '.०' लिहिलं असतं, तर ती चुकीची नोंद झाली असती.

जंतूचं नाव न कळताही बरोबर उपचार करता येतात, याचं मोठं उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना लहान मुलांचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायला शिकवलं. श्वास जोरात चालू असतील तर न्यूमोनिया समजून औषध द्यायचं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अहवालानुसार, उपचार मिळालेल्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के होतं, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १३.५ टक्के.

ॲन्टिबायोटिक का नको?

व्हायरसवर ते चालतच नाही. उगाच घेतलं तर जंतू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा ते काम करत नाही. स्ट्रेप्टोकोकसची शंका असेल तर डॉक्टर स्वतःच देतील. तेव्हा मात्र कोर्स पूर्ण करा, कारण हा आजार अर्धवट सोडला तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते.

डॉक्टरला काय सांगायचं?

'.९' मध्ये बरीच वेगवेगळी कारणं एकत्र जातात. चंद्रपूर-घुग्घुसकडे कोळशाच्या धुळीनेही घसा खवखवतो. त्यामुळे काम कुठे करता, किती दिवस दुखतंय आणि खर्रा खाता का, हे न लाजता सांगा. खर्रा खात असाल आणि घसादुखी किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांनंतरही बरी होत नसेल, तर कॅन्सरची तपासणी करून घ्या.

लगेच दवाखाना कधी गाठायचा?

- श्वास घ्यायला त्रास होत असेल
- थुंकीही गिळता येत नसेल
- तोंड उघडत नसेल किंवा मान सुजली असेल
- घशात करडा-पांढरा पापुद्रा दिसत असेल (हा घटसर्प असू शकतो)

फोनवरचा रेकॉर्ड बघताना

कोड एकटा सर्च करू नका, शेजारचं पूर्ण नाव वाचा. पुढे तपासणीत कारण सापडलं तर त्या भेटीच्या नोंदीत नवा कोड येतो. तुमच्या १४ अंकी आभा नंबरला जोडलेले रेकॉर्ड दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचे असतील, तर तुमची परवानगी लागते. रिक्वेस्ट वाचूनच 'ॲलाऊ' दाबा.

भावाला मी एवढंच लिहिलं: मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कर, आराम कर, आणि वरची लिस्ट जवळ ठेव. तुम्हीही ती सेव्ह करा आणि घरच्या ग्रुपवर टाका.