ऊर्जा कार्यक्षमता प्रमाणपत्र (इंग्लंड व वेल्स)
घर विकताना किंवा भाड्याने देताना लागणारा दाखला. २००७ पासून लागू. मुदत १० वर्षे. श्रेणी ए ते जी. ९२ किंवा अधिक गुणांना ए, २० पर्यंत जी. मान्यताप्राप्त मूल्यमापक घरी येऊन भिंतींची जाडी, माळ्यावरील उष्णतारोधक थर, खिडक्यांच्या काचा, बॉयलर पाहतो. भिंत फोडून काही तो पाहत नाही. पुरावा नसेल तर बांधकामाच्या काळावरून अंदाज धरतो. त्यामुळे आतून उष्णतारोधन केलेले जुने घरही कागदाअभावी खालच्या श्रेणीत जाऊ शकते. गुण रहिवाशांच्या बिलांवरून नव्हे, तर प्रमाणित वापराच्या अंदाजित खर्चावरून निघतात; काटकसरी कुटुंबाला त्याचा लाभ नाही. २०२० पासून, सूट नसल्यास, ई-खालचे घर भाड्याने देता येत नाही.